वर्गखोली क्रमांक अकराचा कार्यभार

हेमलता तांबट यांनी बार्शीतल्या शाळेची नोकरी सोडून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली, आणि त्या रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आठवी ब चा वर्ग त्यांच्यामागोमाग पुण्याला आला. मुलं आली नाहीत. मुलांना दिवाळीची सुट्टी होती आणि ती आपापल्या मामांकडे गेली होती. आली ती खोली. चार भिंती, बावीस बाकं, काळा फळा, टेबल, खुर्ची आणि एकाच वेगावर फिरणारा पंखा एवढं सगळं घेऊन ती कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर अशा रस्त्याने आली. रस्त्यात तिने कुणाला त्रास दिला नाही. भिगवणजवळ एका एसटीच्या ड्रायव्हरने तिला साइड दिली होती, एवढंच नंतर कळलं.

सकाळी आठ चाळीसला वर्ग खराडीला कंपनीच्या गेटवर पोचला. तिथले सुरक्षा रक्षक सूर्यभान घुले यांनी रजिस्टर उघडून रीतसर नोंद केली. नाव: आठवी ब. कुठून आले: बार्शी. कुणाला भेटायचे: तांबट मॅडम. सोबत लॅपटॉप: नाही. मग त्यांनी चौथ्या मजल्यावर फोन लावला आणि तुमच्याकडे गावाहून कुणी तरी आलंय, असं सांगितलं.

बाई खाली आल्या. गेटच्या बाहेर, रिक्षांच्या रांगेच्या मागे वर्ग उभा होता. त्याच्या दाराची कडी पहिल्यापासून सैल, त्यामुळे दार नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं. बाईंना आधी राग आला, आणि मग ऑफिसच्या दारात पिशवी घेऊन नातेवाईक उभा असावा तसा संकोच वाटला. त्यांनी जवळ जाऊन चौकटीवर हात ठेवला. चौकट उन्हाने तापली होती.

"इथे कशाला आलास?" त्या हळूच म्हणाल्या.

वर्गाने दार जरा आणखी उघडलं. तो कधीच बोलत नसे.

बाईंनी शाळा का सोडली, हे बार्शीत पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे सांगितलं. कुणी म्हणालं जनगणनेच्या कामाला कंटाळल्या, कुणी म्हणालं नवऱ्याची पुण्याला बदली झाली म्हणून. बदली झाली होती हे खरं. पण खरं कारण वेगळं होतं. सतरा वर्षं भूगोल शिकवल्यावर एका दुपारी वाऱ्यांचे प्रकार सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण पुढे काय बोलणार आहोत ते आपल्याला आधीच माहीत आहे. पुढचं वाक्य, त्यानंतरचं वाक्य, मग मुलं हसतील ती जागा, मग तास संपल्याची घंटा. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी नवऱ्याला, श्रीकृष्णरावांना, पुण्याला फोन केला आणि मलाही तिकडे काही तरी बघ, असं सांगितलं. लोकांना सॉफ्टवेअर वापरायला शिकवणाऱ्या एका विभागात जागा होती. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी बाईंनी मुलाखत दिली आणि त्या निवडल्या गेल्या.

आता त्यांच्यामागे वर्ग आला होता, आणि त्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. श्रीकृष्णरावांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आणू नकोस, सोसायटीची परवानगी लागेल, एवढं सांगितलं.

मनुष्यबळ विभागाच्या प्राजक्ता दिघे या शिस्तीच्या बाई होत्या. त्यांनी वर्गाला कर्मचारी, पाहुणा, पुरवठादार आणि आश्रित या चार रकान्यांपैकी कुठे बसवायचं यावर अर्धा तास विचार केला. आश्रित म्हणावं, तर विम्याच्या फॉर्मवर तांबट बाईंनी नवरा आणि मुलगी एवढीच नावं दिली होती. शेवटी त्यांनी वर्गाला पाहुणा ठरवलं आणि रोज नूतनीकरण करावं लागेल या अटीवर पास दिला. पास दाराच्या कडीला अडकवला. चौथ्या मजल्यावर टेबल टेनिस खेळायची मोठी जागा होती, ती मोकळी करून देण्यात आली. लिफ्टमध्ये तेराच जणांची सोय असल्याने वर्ग जिन्याने चढला.

पहिले दोन दिवस त्या खोलीत कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाकीच्या मीटिंगच्या खोल्या भरलेल्या होत्या म्हणून विक्री विभागाची बैठक तिथे घ्यावी लागली. तीसपस्तीस वयाची माणसं गुडघे दुमडून बाकांवर बसली. या महिन्याचे आकडे कमी का, असं विचारल्यावर कौस्तुभ नावाचा त्यांच्यातला सगळ्यात बोलका माणूस उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, माझी तयारी झालेली नाही. असं त्या विभागात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बैठक अठरा मिनिटांत संपली.

मग ही गोष्ट सगळीकडे पसरली. त्या खोलीत माणसं एका वेळी एकच बोलत. बोलायचं असेल तर हात वर करत. ज्याला समजलं नाही तो समजलं नाही म्हणे. कंपनीचे एक मोठे साहेब एकदा उशिरा आले, तर दारात थांबून त्यांनी आत येऊ का असं विचारलं, आणि या म्हणेपर्यंत ते बाहेरच उभे राहिले. दोन आठवड्यांत वर्गाचं बुकिंग महिनाभर पुढे गेलं. प्राजक्ता दिघे यांनी रोजचा पास बंद करून त्याला मासिक पास दिला.

बाईंचं मात्र इतकं सरळ चाललं नव्हतं. इथे सगळे त्यांना हेमा म्हणत. त्यांच्या मुलीच्या वयाची पोरंसुद्धा हेमा म्हणत, आणि त्यात अपमान नव्हता हे त्यांना कळत होतं, पण हाक आली की त्या क्षणभर दुसरं कुणी मागे उभं आहे का ते बघत. नवे शब्द त्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेत. डेक म्हणजे जहाजाचा भाग नव्हे, पडद्यावर दाखवायची चित्रं, हे त्यांना दुसऱ्या आठवड्यात समजलं. दुपारी डबा घेऊन त्या आठवी ब मध्ये जाऊन बसत. आधी त्या वर्गाशी बोलतच नसत, रागावलेल्याच होत्या. मी तुला सोडून आले होते, असं एकदा म्हणाल्याही. पण भाकरी खाता खाता त्यांची नजर फळ्याखालच्या खडूच्या धुळीवर जाई, आणि डबा झाकून झाला की त्या ओल्या फडक्याने ती पुसून टाकत. मग वर्गाचा पंखा आपोआप सुरू होई. एवढ्याने दोघांचं पुन्हा जमलं.

अडचण अशी की आठवी ब मध्ये प्रशिक्षण घ्यायचं असलं की बाई उत्तम शिकवत, आणि काचेच्या खोलीत घ्यायचं असलं की त्यांची जीभ अडखळे. काचेच्या खोलीत सगळं बाहेरून दिसे. पाठीमागे पडद्यावर चित्रं सरकत आणि समोरची माणसं लॅपटॉपमध्ये बघत. त्यांचे वरिष्ठ मेघन सोवनी हे बत्तीस वर्षांचे, मनाने चांगले गृहस्थ होते. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. हेमा, तुम्ही असं करा, अशी त्यांची भाषा होती, आणि त्यातलं हेमा आणि तुम्ही चुकीच्या काजात लावलेल्या बटणांसारखं वाटे. त्यांनी सांगितलं की परिविक्षेचे तीन महिने जानेवारीत संपतील. वर्गाबाहेरचं तुमचं काम अजून बसलेलं नाही. पण कंपनीला वर्ग कायम ठेवायचा आहे. वर्ग राहिला तर त्याची जबाबदारी तुमच्याकडे, आणि मग तुम्हीही कायम. फक्त त्याची एक भिंत काढून काच बसवायची, खाली गालिचा घालायचा आणि काळ्या फळ्याच्या जागी पांढरा लावायचा. वर्गाचं काय म्हणणं आहे ते विचारून कळवा.

बाईंनी वर्गाला विचारलं नाही. त्याच आठवड्यात बार्शीहून पत्र आलं होतं.

पत्र मुख्याध्यापक बोधले सरांचं होतं. विषय: वर्गखोली क्रमांक अकरा परत पाठविणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर खोली दिवाळीच्या सुट्टीत पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडून गेली असून आठवी ब चे चव्वेचाळीस विद्यार्थी प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात बसत आहेत. थंडीचे दिवस आहेत. तरी सदर खोली आपलेकडे असल्यास तातडीने रवाना करावी. खाली सही होती, आणि सहीखाली सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: बाई, पोरं चादरी घेऊन येतात.

बाईंनी पत्र वर दाखवलं तेव्हा कंपनीच्या विधी विभागाने उत्तर पाठवलं, की सदर खोली स्वेच्छेने आलेली आहे, तिला कुणीही बोलावलं अथवा अडवून ठेवलं नाही, आणि ती जाऊ इच्छित असल्यास जिना उघडा आहे. हे खरंच होतं. बाईंनी त्या दिवशी डबा न उघडता वर्गासमोर उभं राहून त्याला परत जायला सांगितलं. आधी समजावून सांगितलं, मग जरा चढ्या आवाजात सांगितलं. चादरींचंही सांगितलं. ते ऐकल्यावर खिडकीची एक झडप हलली. पण वर्ग जागचा हलला नाही, आणि दार मात्र कधी नव्हे ते पूर्ण लागलं. बाईंना कळेना, की याला मुलांची आठवण येत असूनही हा जात का नाही.

त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी, कारण सकाळी त्यांनी मेघनना सांगितलं की वर्गाची भिंत काढायला माझी संमती नाही आणि वर्ग परत जावा असंच मला वाटतं. मग तुमचं काय, असं मेघननी विचारलं. माझं मी बघेन, असं बाई म्हणाल्या. पण काय बघणार हे त्यांना माहीत नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोधले सर स्वतः आले. पहाटेच्या एसटीने निघून साडेदहाला पोचले. सोबत तरन्नुम शेख होत्या. तरन्नुम शेख चोवीस वर्षांच्या होत्या, नोव्हेंबरपासून बाईंच्या जागेवर लागल्या होत्या आणि व्हरांड्यात भूगोल शिकवत होत्या. वाऱ्याने नकाशा उडतो म्हणून त्या तो पाठीने भिंतीला दाबून धरत. सरांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि प्राजक्ता दिघे यांच्या टेबलावर मांडला. रात्र रात्र बसून त्यांनी शोधून काढलं होतं, की चूक वर्गाची नव्हतीच.

चूक अशी होती. बाईंनी जाताना हजेरीपत्रक दिलं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, नकाशे आणि पृथ्वीचा गोल मोजून दिला. हॉलमध्ये निरोपसमारंभ झाला, शाल आणि नारळ झाला. पण वर्गखोलीचा कार्यभार कुणी दिला नाही आणि कुणी घेतला नाही. कागदोपत्री खोली अजून तांबट बाईंच्याच ताब्यात होती. ज्यांच्या ताब्यात आपण आहोत त्यांच्यासोबत जाणं हे खोलीचं कर्तव्यच होतं, आणि ते तिने पार पाडलं.

प्राजक्ता दिघे यांनी सगळे कागद दोनदा वाचले आणि मान डोलावली. असे नियम त्यांना आवडत. कार्यभार कसा देतात, असं त्यांनी विचारलं.

"वर्गातच द्यायचा असतो," बोधले सर म्हणाले. "नव्या बाईंनी एक तास घ्यायचा. जुन्या बाईंनी मागं बसायचं. मधे बोलायचं नाही."

साडेअकराला तास ठरला. मुलं नसल्याने विक्री विभागाला बसवलं. कौस्तुभ पहिल्या बाकावर बसला. बोधले सर दाराशी उभे राहिले आणि बाई शेवटच्या बाकावर बसल्या. सतरा वर्षांत त्या बाकावरून त्यांनी हा फळा कधी पाहिला नव्हता. डबा खाताना त्या नेहमी पुढेच बसत. इथून तो लांब आणि थोडा तिरका दिसत होता.

धडा स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ हा होता. तरन्नुमनी खडू घेतला आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहायला सुरुवात केली, पण फळ्यावर खडू उमटेना. त्यांनी दुसरा खडू घेतला. तोही नुसता घसरला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी तोंडीच शिकवायला घेतलं आणि पहिल्याच वाक्यात पूर्व आणि पश्चिम उलट सांगितलं. विक्री विभागाने ते तसंच वहीत उतरवून घेतलं. बाईंनी एका हाताने बाकाची कड घट्ट धरली होती. चूक कुठे झाली, ती कशी दुरुस्त करायची, गोल कुठल्या बाजूने फिरवायचा, हे सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं, आणि वर्ग वाट बघतोय हे त्यांना जाणवत होतं. त्या उठल्या असत्या तर फळ्यावर खडू लगेच उमटला असता. त्यांनी दुसऱ्या हाताने आपला हात धरून ठेवला.

तरन्नुमनी स्वतःच आपली चूक पकडली. थांबल्या, माफ करा म्हणाल्या, सगळ्यांना खोडायला लावलं आणि पुन्हा सुरुवात केली. बार्शीला सूर्य पुण्याच्या आधी सात मिनिटं डोक्यावर येतो, पण घड्याळं दोन्हीकडे सारखीच, कारण आपण सगळे मिर्झापूरवरून जाणाऱ्या रेखावृत्ताची वेळ पाळतो, असं त्यांनी नीट समजावलं. मग कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारलं.

काही वर्षांपूर्वी इथेच, तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने बाईंना एक प्रश्न विचारला होता आणि बाईंनी तिला हे परीक्षेला नाही असं सांगून खाली बसवलं होतं. तिचं नावही आता आठवत नव्हतं. तोच प्रश्न घेऊन बाईंनी हात वर केला. बोधले सरांच्या कपाळाला आठी पडली, पण मध्ये बोलायचं नाही हा नियम प्रश्नाला लागू होतो की नाही हे त्यांना आठवेना. तरन्नुमनी विचारा म्हटल्यावर बाई उभ्या राहिल्या.

"सगळा देश आपल्या वेळेवर चालतो, याचं मिर्झापूरच्या लोकांना काय वाटत असेल?"

कौस्तुभने मागे वळून बघितलं.

"मला माहीत नाही," तरन्नुम म्हणाल्या. "आपण त्यांना पत्र लिहू. तिथल्या एखाद्या शाळेचा पत्ता मी उद्या शोधून आणते."

आणि विसरू नये म्हणून त्या सवयीने फळ्याकडे वळल्या आणि कोपऱ्यात त्यांनी लिहिलं: उद्या, मिर्झापूर, पत्ता. अक्षरं ठळक उमटली.

बाई खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पदराने पुसले. वर्गाने आपली सगळी बाकं एकदा किंचित पुढे सरकवली. निघायच्या तयारीत माणूस पिशव्या जवळ ओढतो तशी. बोधले सरांनी घड्याळ बघून कार्यभार बारा पाचला हस्तांतरित झाला असं लिहिलं. दोघींनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून कौस्तुभने सही केली आणि ती करताना आपलं अक्षर वाईट असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

साडेबाराला वर्ग जिन्याने उतरला. एसटीचं परतीचं आरक्षण नसल्याने सर आणि तरन्नुम वर्गातच बसून निघाले. विक्री विभाग खिडकीशी उभा राहून बघत होता. बाई खाली गेल्या नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवरून त्यांनी फक्त सावकाश जा, असं सांगितलं. टेबल टेनिसचं टेबल पुन्हा जागेवर आलं, पण त्या दिवशी कुणी खेळलं नाही.

तीन वाजता बाईंचं काचेच्या खोलीत प्रशिक्षण होतं. नागपूरच्या एका कंपनीची अठरा माणसं आली होती. मेघन मागे बसले होते. बाईंची जीभ पहिल्याच चित्रावर अडखळली, मग दुसऱ्यावर. त्या पाणी प्यायल्या. अठराही जण लॅपटॉपमध्ये बघत होते. तिसऱ्या चित्रावर बाईंनी पडदा बंद केला आणि सगळ्यांना लॅपटॉप मिटून एक कोरं पान काढायला सांगितलं. आधी कुणी हललं नाही. मग एकाने काढलं, मग सगळ्यांनी काढलं, मेघननीही काढलं. रोजच्या कामात तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात वाया जातो ते दोन ओळींत लिहा, असं बाई म्हणाल्या. लोक काय लिहितील हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या टेबलांमधून फिरून वाचू लागल्या आणि तिसऱ्याच कागदाशी थांबून त्यांनी त्या माणसाला काही तरी विचारलं. तो सांगत असताना त्यांचा फोन थरथरला.

तरन्नुमचा होता. बाईंनी अठरा जणांची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली.

तरन्नुम घाबरलेल्या होत्या. भिगवणच्या पुढे डाळजजवळ, जिथे उजनीचं पाणी रस्त्याच्या अगदी कडेला येतं, तिथे वर्ग थांबला होता. पाण्यात रोहित पक्षी उतरले होते, दीडदोनशे असतील, आणि वर्ग दोन्ही खिडक्या त्यांच्याकडे करून उभा राहिला होता, हलायला तयार नव्हता. सर शेवटच्या बाकावर झोपलेत आणि अंधाराच्या आत बार्शीला पोचायला हवं. काय करू, असं त्यांनी विचारलं.

बाईंनी काचेतून बाहेर पाहिलं.

"त्याने कधी पाहिलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "अर्धा तास बघू दे. मग पोरांची हजेरी घे. निघेल."